राखून ठेवलेला घास

ट्रे समोर आला तरी मास्तरांनी चमचा उचलला नाही. आधी त्यांनी शर्टाच्या खिशातून एक छोटी प्लास्टिकची पिशवी काढली. ऑम्लेटचा कोपरा, चार वाटाणे आणि पावाचा तुकडा तिच्यात सरकवला, पिशवीची पट्टी दाबून बंद केली, वर चिकटपट्टी लावली आणि तिच्यावर बारीक अक्षरात लिहिलं : नमुना क्रमांक एक, सकाळी सहा दहा.

"अहो, इथेसुद्धा?" खिडकीजवळच्या सीटवरून मास्तरीणबाई म्हणाल्या.

"सवय आहे."

"लेकीला काय कबूल केलंय? घरात लहान बाळ आहे, फ्रिजमध्ये शिळ्याच्या पिशव्या दिसल्या तर परतीच्या विमानात बसवीन म्हणालीय ती."

"हा काय तिचा फ्रिज आहे? विमान आहे हे," मास्तर म्हणाले, पिशवी समोरच्या सीटच्या खिशात ठेवली आणि मग जेवायला लागले.

मास्तर काही शाळेतले मास्तर नव्हते. विमानात जे जेवण येतं ते ज्या मोठ्या स्वयंपाकघरात रांधलं जातं, तिथे ते सव्वीस वर्षं नमुने राखण्याचं काम करत होते. प्रत्येक विमानासाठी केलेल्या प्रत्येक पदार्थाचा एक डबा बाजूला काढायचा, त्याच्यावर तारीख-वेळ घालायची आणि थंड खोलीत बहात्तर तास ठेवायचा. कोणा प्रवाशाचं पोट बिघडलं तर तो डबा तपासायला जातो. पोट सहसा कोणाचं बिघडत नाही. मग बहात्तर तास भरले की डबा कचऱ्यात. असे हजारो डबे मास्तरांनी जिवापाड सांभाळले होते. पण त्यांतला एक घास त्यांनी कधी चाखला नव्हता, आणि विमानात तर ते आज पहिल्यांदाच बसले होते.

घरीही तेच. रोजच्या भाजीचे दोन चमचे वेगळ्या डबीत जायचे, डबीवर तारीख पडायची आणि डबी फ्रिजच्या खालच्या कप्प्यात तीन दिवस राहायची. आपल्या हातच्या भाजीवर नवऱ्याने तारीख घातलेली बघून बायकोला काय वाटतं, हे तीस वर्षांच्या संसारात त्यांनी एकदाही विचारलं नव्हतं.

मास्तरांच्या दुसऱ्या बाजूला, वाटेकडच्या सीटवर, एक उंच, फिकट गृहस्थ बसला होता. त्याची बोटं लांब होती आणि नुकतीच उकळून काढल्यासारखी स्वच्छ होती. त्याने ट्रे घेतला नाही. "मी विमानात काही खात नाही," असं हवाईसुंदरीला हळू आवाजात सांगून तो वळला आणि मास्तरांच्या तोंडाकडे बघत बसला. मास्तर चावायचे तशी त्याची नजर वरखाली व्हायची. मास्तरांना वाटलं, ओठाला काही लागलंय. त्यांनी तोंड पुसलं. नजर काही हलली नाही.

ट्रे गेले, दिवे मंद झाले, खिडक्यांचे पडदे खाली आले. विमान सूर्याच्या मागे मागे पश्चिमेला पळत होतं, त्यामुळे बाहेरची सकाळ संपायला तयार नव्हती. आत मात्र सगळ्यांना दामटून झोपवलं होतं. तीनशे माणसं गळ्यापर्यंत पांघरुणं ओढून ओळीने गार पडली होती आणि प्रत्येकाच्या डोक्यावर एक नंबर होता. मास्तरांना ते दृश्य फार ओळखीचं वाटलं. थंड खोलीतल्या फळ्यांवर त्यांचे डबे अगदी असेच असत. हा विचार काही बरा नाही, असं म्हणून त्यांनी डोळे मिटले.

जाग आली तेव्हा घड्याळात सव्वाआठ झाले होते. मास्तरांनी सवयीने सीटच्या खिशात हात घालून पिशवी काढली. पट्टी दाबून बंद होती. अक्षरं जागच्या जागी होती. आत मात्र काही नव्हतं. वाटाण्याचं सालही नव्हतं आणि लोण्याचा डागही नव्हता. कोणी तरी आतून पुसून घेतल्यासारखी पिशवी लख्ख होती.

मास्तरांची पाचावर धारण बसली. कारण हे त्यांनी आधी पाच वेळा पाहिलं होतं.

गेल्या सहा आठवड्यांत थंड खोलीतले पाच नमुने असेच नाहीसे झाले होते. डबा बंद, तारीख जागेवर, आत चाटूनपुसून स्वच्छ. खोलीची किल्ली तर मास्तरांच्या गळ्यात. ती झोपताना गळ्यात असायची, आंघोळ करताना असायची, रजेवर असतानाही असायची. स्वयंपाकघरात कुजबुज सुरू झाली की थंड खोलीत 'ते' आहे. फार वर्षांपूर्वी एक आचारी आत अडकून गारठून मेला म्हणे, त्याची भूक राहिलीय. खरं तर तो आचारी चांगला धडधाकट होता आणि गावात स्वतःची खानावळ चालवत होता, पण कुजबुजीला त्याचं काय. मास्तरांनी चार डबे गुपचूप नोंदवले आणि पाचवा मात्र अधिकाऱ्यांनी तपासायला म्हणून उघडला. चौकशी लागली. चौकशीसाहेबांनी विचारलं, "तुमच्याशिवाय आत कोण जातं?" मास्तर खोटं बोलत नसत. ते म्हणाले, "ट्रॉलीवाला."

डब्यांची गाडी थंड खोलीत ढकलत आणणाऱ्या माणसाबद्दल एवढा एकच शब्द. पण तो कागदावर गेला, त्याखाली मास्तरांची सही झाली आणि त्या दिवसापासून मास्तरांना अन्न गोड लागलं नाही. चौकशी संपेपर्यंत रजेवर जा, असं साहेबांनी सांगितलं. मास्तरांनी घरी त्यातलं फक्त 'रजा' एवढंच सांगितलं आणि व्हिसा आधीच झालेला होता म्हणून लेकीकडची तिकिटं काढली. निकालाची बैठक आज दुपारी चारला होती. विमान घरच्या घड्याळाप्रमाणे साडेतीनला उतरणार होतं.

आणि आता ही रिकामी पिशवी.

"काही हवंय का, सर?" हवाईसुंदरी वाकून म्हणाली.

"इथे कोणी आलं होतं का? मी झोपलो असताना?"

"तुम्ही झोपला होतात?" तिने जरा विचार केला. "मी पाणी घेऊन दोनदा आले. दोन्ही वेळा तुमचे डोळे उघडे होते. पाणी हवं का विचारलं, तर तुम्ही माझ्याकडे बघून मान हलवलीत."

मास्तरांना यातलं काही आठवत नव्हतं. ती निघून गेल्यावर त्यांनी पांघरूण हनुवटीपर्यंत ओढलं. शेजारचा फिकट माणूस त्यांच्या जबड्याकडे बघत होता.

दुसऱ्या वेळी सँडविच आलं. मास्तरांनी नमुना काढला, पण या वेळी सीटच्या खिशात ठेवला नाही. मास्तरीणबाईंची पर्स म्हणजे तिजोरीच. तिला तीन चेना होत्या आणि पट्टा त्यांच्या मनगटाला गुंडाळलेला असायचा.

"हे जरा आत ठेव."

"माझ्या पर्समध्ये सँडविच?"

"तासाभरासाठी. आणि पर्स मांडीवरून हलवू नकोस."

"हलवायला मी जाणार कुठे? पंखावर फिरायला?" असं म्हणून मास्तरीणबाईंनी पिशवी सगळ्यात आतल्या कप्प्यात टाकली, तिन्ही चेना ओढल्या आणि डोळ्यांवर पट्टी चढवून दोन मिनिटांत घोरायला लागल्या. मास्तरांनी ठरवलं, आपण डोळा लावायचा नाही. त्यांनी समोरच्या पडद्यावर विमानाचं चित्र लावलं. ते इवलंसं विमान निळ्या पाण्यावर जागच्या जागी उभं होतं. मास्तर त्याच्याकडे बघत राहिले. बघत राहिले.

"अहो! माझ्या पर्सला कोणी हात लावला?"

मास्तर दचकून उठले. तिन्ही चेना बंद होत्या. चष्मा, रुमाल, गोळ्या, बाळासाठी घेतलेले मोजे, सगळं जागेवर होतं. नमुना क्रमांक दोनची पिशवीही होती. रिकामी, पट्टी बंद. मास्तरीणबाईंनी ती उजेडाकडे धरली, उलटी केली, हुंगली आणि हळूच नवऱ्याच्या मांडीवर ठेवली.

"हे काय आहे?" त्यांचा आवाज एकदम खाली आला.

मास्तरांना खरं सांगावं लागलं. पाच डबे सांगितले, थंड खोलीतलं 'ते' सांगितलं. "ते माझ्या मागोमाग आलंय इथे," मास्तर म्हणाले. "सव्वीस वर्षं त्याच्या तोंडचा घास मी कुलपात ठेवला. आता ते मला सोडणार नाही."

"आणि चौकशीत काय झालं?"

मास्तरांनी तेही सांगितलं. तो एक शब्दही सांगितला.

मास्तरीणबाई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. भूत परवडलं, पण बायको गप्प बसलेली परवडत नाही, हे मास्तरांना माहीत होतं.

"तुम्ही आजारी होतात तेव्हा," शेवटी त्या म्हणाल्या, "महिनाभर दवाखान्यात डबा घेऊन कोण येत होतं?"

"ट्रॉलीवाला."

"एकोणीस वर्षं तुमच्या शेजारी बसून कोण जेवतंय?"

"अगं, मी त्याला चोर म्हटलं नाही. आत कोण जातं एवढंच सांगितलं."

"मग आतमध्ये 'ते' जातं असं सांगायचं होतंत."

"सरकारी कागदावर 'ते' कसं लिहिणार?"

"माणसाचं नाव लिहिता येतं, नाही का?" मास्तरीणबाई म्हणाल्या आणि खिडकीकडे तोंड करून बसल्या. खिडकीचा पडदा बंद होता, तरी त्या तिकडेच बघत होत्या.

 चारच्या बैठकीत ट्रॉलीवाल्याची नोकरी जाणार हे उघड होतं. त्याला वाचवायचं तर विमान उतरल्याबरोबर साहेबांना सांगायला हवं की चोर तो नाही. पण मग कोण? 'ते' आहे, असं सांगायला निदान त्याचा पुरावा तरी हातात हवा. मास्तरांनी ठरवलं, त्याला पकडायचं.

तिसऱ्या वेळी पूर्ण जेवण आलं. भात, बटाटे, कोंबडीचा तुकडा. मास्तरांनी नमुना काढला आणि पर्समधल्या सुईदोऱ्यासाठी बायकोकडे हात केला. सुईदोरा विमानतळावर काढून घेतला होता.

"दोरा हवाय?" शेजारून आवाज आला. फिकट माणूस पहिल्यांदाच बोलत होता. त्याने खिशातून एक पांढरी डबी काढली आणि तिच्यातून मेणाचा बारीक दोरा सर्रकन ओढला. "हा घ्या. तुटणार नाही. आणि काका, पिशवीला बांधू नका. आतल्या घासाला बांधा."

"तुम्हाला कसं कळलं मी काय करतोय ते?"

"मी मघापासून बघतोय."

मास्तरांच्या अंगावर काटा आला. तरी त्यांनी सांगितल्याप्रमाणे केलं. बटाट्याच्या फोडीला दोरा गुंडाळला, गाठ मारली, पिशवीची पट्टी दोऱ्यावरच दाबली आणि दुसरं टोक स्वतःच्या अंगठ्याला बांधलं. आता जो कोणी तो बटाटा उचलेल, त्याच्याबरोबर मास्तरांचा अंगठा ओढला जाणार होता. मास्तरीणबाईही पट्टी न लावता बसल्या. नवऱ्यावर राग होताच, पण नवऱ्याला नेणारं कोणी येत असेल तर त्या तोंडाला तोंड देणार होत्या. दहा मिनिटांनी त्यांची मान खांद्यावर कलली.

विमानात कोणी हलत नव्हतं. सगळीकडून एकच घरघर येत होती, थंड खोलीतल्या यंत्राची येते तशी. घड्याळात एक वाजला होता, बाहेर अजून सकाळच होती. ही किती वाजताची सकाळ, असा मास्तरांना प्रश्न पडला. उत्तर शोधता शोधता त्यांच्या पापण्या जड झाल्या.

अंगठ्याला हिसका बसला आणि ते जागे झाले.

पिशवी मांडीवर रिकामी होती. दोरा मात्र अंगठ्याला होता आणि ताणलेला होता. म्हणजे ते अजून इथेच होतं, दोऱ्याच्या दुसऱ्या टोकाला. मास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी श्वास रोखला आणि दोऱ्यावरून बोट फिरवत फिरवत वर न्यायला सुरुवात केली. दोरा मांडीवरून पोटावर आला, पोटावरून छातीवर आला, शर्टाच्या गुंड्यांवरून गळ्यापर्यंत गेला. तिथून हनुवटीवर आला आणि मास्तरांच्या ओठांत शिरला.

त्यांनी दोरा हळूच ओढला. उजवीकडची दाढ कळवळली.

"फटीत अडकलाय," शेजारचा माणूस म्हणाला. "ओढू नका. आ करा."

मास्तरांनी आ केला. लांब, स्वच्छ बोटांनी दोरा सफाईने काढून दिला. "मी दातांचा डॉक्टर आहे. माणसं कशी चावतात ते बघायची सवय लागलीय, जाईल तिथे बघतो. राग मानू नका."

"मी... मी खाल्लं?"

"तिन्ही वेळा. जागेपणी तुम्ही फक्त डावीकडून चावता, कारण उजवी दाढ दुखते. झोपेत मात्र दोन्हीकडून छान चावता. ताईंच्या पर्सच्या चेना तर तुम्ही इतक्या हळू उघडल्यात की मी म्हटलं, यांनी ऑपरेशनं करायला हवी होती."

"मग मला सांगितलं का नाही?"

"तुम्ही विश्वास ठेवला असता? पेशंटला त्याचीच दाढ आरशात दाखवावी लागते."

मास्तरीणबाई आता टक्क जाग्या होत्या. "खाताना काही बोलले का हे?"

"मी विचारलं, चव कशी आहे. म्हणाले, मीठ कमी आहे." डॉक्टरने रुमालाला बोटं पुसली. "आणि मग त्या पिशवीकडे बघून म्हणाले, 'बिचारं केव्हाचं वाट बघतंय. कोणी तरी खायला नको का?'"

 मास्तरांच्या डोळ्यांसमोर त्या फळ्या आल्या. रोज सकाळी नवा डबा ठेवताना आणि तिसऱ्या दिवशी तो कचऱ्यात रिकामा करताना त्यांना काय वाटायचं, हे त्यांनी कधी स्वतःलाही सांगितलं नव्हतं. जेवल्यावर थंड खोलीच्या दाराशी स्टुलावर बसून वीस मिनिटं डुलकी काढायची त्यांची जुनी सवय होती. किल्ली गळ्यातच होती. सगळा हिशेब जुळत होता. काखेत कळसा होता आणि त्यांनी गावाला वळसा घालून शेवटी ट्रॉलीवाल्याच्या दारात उभं राहून ओरड केली होती.

"म्हणजे घरचंसुद्धा," मास्तरीणबाई हळूच म्हणाल्या.

"घरचं काय?"

"फ्रिजमधल्या डब्या. तिसऱ्या दिवशी मला नेहमी लख्ख मिळायच्या. मला वाटायचं, नवरा काही नाही तर निदान भांडी तरी घासतो. मी चारचौघींत कौतुक केलंय तुमचं." त्यांनी पदराने डोळे टिपले, ते हसून की रडून हे मास्तरांना कळलं नाही.

"मी पोचल्यावर साहेबांना फोन करतो," मास्तर म्हणाले. "सगळं सांगतो."

"खात्री करून घ्या आधी," मास्तरीणबाई म्हणाल्या. सव्वीस वर्षांच्या नोकरीवर पाणी सोडायचं, तर बाई पक्का पुरावा मागणारच. उतरण्याआधी शेवटचा छोटा ट्रे आला, पाव आणि कस्टर्डची वाटी. या वेळी नमुना मास्तरीणबाईंनी स्वतःच्या हाताने, आपल्या ट्रेमधून काढला. पिशवीत पावाचा तुकडा आणि दोन चमचे कस्टर्ड घातलं, वर चार असा आकडा टाकला आणि पिशवी मुठीत घट्ट धरली. "आता तुम्ही जागे, मी जागी, डॉक्टर जागे. ही राहिली तर बाकीच्या तुम्हीच खाल्ल्यात."

मास्तर डोळे ताणून बसले. पुरावा चोख राहावा म्हणून त्यांनी तोंडात काही घातलं नाही, त्यामुळे त्यांची कस्टर्डची वाटी तशीच राहिली. हवाईसुंदरीने ट्रे उचलला तेव्हा त्यांनी ती वाटी आणि चमचा तेवढा काढून घेतला. विमान खाली यायला लागलं, ढगांत शिरलं आणि तिथेच घिरट्या घालत राहिलं. साडेतीन झाले. पावणेचार झाले. तिघांतल्या कोणी पापणी लवू दिली नाही. चाकं जमिनीला लागली तेव्हा मास्तरांच्या घड्याळात चारला सहा मिनिटं कमी होती.

लोक उठून वरच्या पिशव्या काढायला लागले. मास्तरांनी बसल्या बसल्या फोन लावला.

"मास्तर! पोचलात?" ट्रॉलीवाल्याचा आवाज नेहमीसारखाच होता. "वहिनी बऱ्या आहेत ना? विमानात कान दुखतात म्हणे."

"तू कुठे आहेस?"

"साहेबांच्या खोलीबाहेर. आत्ता बोलावतील."

"ऐक. ते डबे मी खाल्ले. झोपेत. मला आजच कळलं."

 मग ट्रॉलीवाला म्हणाला, "मला माहीत आहे, मास्तर."

"काय?"

"पहिल्यांदा बघितलं तेव्हा माझी बोबडीच वळली. डोळे उघडे आणि माणूस आत नाही. पण झोपेतल्या माणसाला हाक मारू नये म्हणतात. मग मी शेजारी उभा राहायचो, तुम्हाला ठसका लागू नये म्हणून. डबा तुम्ही स्वतःच पुसून ठेवायचात. फार व्यवस्थित आहात तुम्ही."

"अरे, मग सांगितलं का नाहीस? मी तुझं नाव घेतलं तिथे!"

"तुमची दोन महिन्यांत निवृत्ती. इतकी वर्षं एक डाग नाही तुमच्या नावावर. मला काय, अजून हातपाय चालतात, दुसरीकडे ट्रॉली ढकलेन."

 मास्तरांना रडू येत होतं आणि ते थोडं रडलेही. मग त्यांनी नाक पुसून म्हटलं, "फोन साहेबांना दे. आत्ता."

साहेबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. कुंपणानेच शेत खाल्लं होतं आणि कुंपण स्वतः फोन करून सांगत होतं. शेवटी त्यांनी कागद चाळल्याचा आवाज आला.

"वहीत पाच डबे आहेत. पाचही तुम्हीच?"

"पाचही मीच," मास्तर म्हणाले.

"लेखी पाठवा. ट्रॉलीवाल्याचं नाव मी काढतो. तुमचं काय करायचं ते वर विचारावं लागेल, हे प्रकरण आमच्या कुठल्याच नियमात बसत नाही," असं म्हणून साहेबांनी फोन परत ट्रॉलीवाल्याला दिला. तो बाहेर आल्याची चाहूल लागली. दार बंद झालं. मग तो अगदी हळू बोलला.

"मास्तर, चार."

"काय चार?"

"तुम्ही चार खाल्लेत. चारही वेळा मी होतो. पाचवा गेला त्या दिवशी तुम्ही व्हिसाला गेला होतात. किल्ली तुमच्याबरोबर होती. दिवसभर ती खोली उघडलीच नाही, त्या दिवसाचे डबे बाहेरच्या फ्रिजमध्ये ठेवले."

मास्तरांनी घड्याळाकडे बघितलं, मग रिकाम्या होत चाललेल्या विमानाकडे बघितलं. "माहीत आहे मला," ते म्हणाले. "बोलता बोलताच आठवलं. पण तसं सांगितलं असतं, तर साहेबांनी परत तुलाच विचारलं असतं."

फोन ठेवला तेव्हा मास्तरीणबाई त्यांच्याकडे बघत होत्या. त्यांनी मूठ पुढे केली आणि उघडली. चौथी पिशवी त्यांच्या तळहातावर होती. पट्टी बंद होती, आकडा जागेवर होता. आत काही नव्हतं.

"मी सोडली नाही हातातून," त्या म्हणाल्या. "एकदासुद्धा."

दोघांनी एकदमच दातांच्या डॉक्टरकडे बघितलं. तो उभा होता, हातात बॅग, चेहरा आधीपेक्षा फिकट. "मी पूर्ण वेळ काकांच्या तोंडाकडे बघत होतो," तो म्हणाला. "ते हललं नाही." मग तो वाट काढत, कोणाची वाट न बघता, चटचट पुढे निघून गेला.

विमानात आता दोघंच उरली होती. पुढच्या दारातून हवाईसुंदरी त्यांना हाताने या म्हणत होती. सगळ्या सीटवर पांघरुणं अस्ताव्यस्त पडली होती आणि घरघर अजून चालू होती. मास्तर उठले. त्यांना भीती वाटत होती, पण भीतीपेक्षा दुसरंच काही तरी जास्त वाटत होतं. त्यांनी कस्टर्डची वाटी मधल्या सीटवर, स्वतःच्या जागेवर ठेवली आणि तिचं झाकण सोलून उघडं केलं. खिशातली चिकटपट्टी त्यांनी काढली नाही. तारीख घातली नाही, वेळही घातली नाही.

मग ते बायकोच्या मागोमाग वाटेला लागले. चार पावलं गेल्यावर मास्तरीणबाई थांबल्या आणि मागे वळून म्हणाल्या, "अहो, चमचा ठेवलात का वाटीजवळ?"